चालू मागणी

४ नोव्हेंबर

हे पुस्तक खरं तर साठ्याचं आहे. डावीकडे तारीख, मध्ये तपशील आणि उजव्या कडेला 'शेरा' असा चिंचोळा रकाना. शेवटच्या दिवशी भांडारातून निघताना अशी दोन कोरी पुस्तकं पिशवीत घातली. सत्तावीस वर्षांत कारखान्यातून उचललेली ही पहिलीच वस्तू, आणि तिचीही मागणीची चिठ्ठी लिहून ठेवून आलो. मागणी करणारा मी, देणाराही मी.

आमच्या कारखान्याच्या पंपांना आता मागणी नाही. आधी शनिवार बंद झाला, मग दुसरी पाळी, मग रंगकाम खातं. शेवटी साहेबांनी मला बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "ज्या भांडारात माल येत नाही नि जात नाही, तिथं भांडारपाल ठेवून काय करू, सांगा." चहा चांगला होता. मला राग त्याचाच आला.

घरी सांगितलं तर ही म्हणाली, "हात धुऊन घ्या, जेवायला वाढते." नाना म्हणाले, "माझंही दुकान एकदा बंद पडलं होतं. तू तेव्हा दोन वर्षांचा होतास, तुला पत्ताही लागला नाही." नाना म्हणजे माझे वडील. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केली, त्यामुळे जगात बिघडलेलं काही दिसलं की ते घाबरत नाहीत, भिंग शोधतात.

मला मात्र भीती वाटते. इथं कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

५ नोव्हेंबर

कंपनीने हातावर ठेवलेल्या पैशांतून पहिलं काम केलं. मुलीच्या शेवटच्या सहामाहीची फी वेगळी काढून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. पोरगी रक्त-लघवी तपासायचं शिकते आहे. फी भरायची तारीख दहा फेब्रुवारी. नाना तिला 'सेकंद' म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. शिक्षण सोडून कुठंतरी चिकटते असं म्हणायला तोंड उघडणार होती. मी म्हटलं, डब्याला हात लागणार नाही आणि तुझ्या कॉलेजलाही नाही. बाकीच्यात घर चालवून दाखवतो.

म्हटलं खरं. पण बाकीचं फार नाही.

८ नोव्हेंबर

ही सोमवारपासून कामाला जाणार. बाजारपेठेच्या टोकाला कपड्यांची दुरुस्ती करून देणारं दुकान आहे. नवे कपडे कुणी घेत नाही, म्हणून जुने सैल-घट्ट करून घ्यायला तिथं रांग लागते. हिला शिवण येतं हे मला माहीत होतं. त्याचे पैसे येऊ शकतात हे कधी सुचलं नव्हतं.

स्वयंपाक तीच करणार, सकाळी जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर. खरेदी आणि कोठीचं फडताळ माझ्याकडे. आजवर मी पगार तिच्या हातात ठेवायचो, आज तिने किल्ली माझ्या हातात ठेवली. फडताळाला कुलूप नाहीच. किल्ली कसली म्हणून बघतो तर जुन्या ट्रंकेची! म्हणाली, "तुम्हाला हातात काहीतरी लागतं ना, म्हणून."

फडताळ उघडून दोन मिनिटं नुसता उभा राहिलो. 'चहा' लिहिलेल्या डब्यात डाळ, 'साखर' लिहिलेल्यात मीठ, आणि 'मीठ' लिहिलेल्यात विजेची बिलं.

९ नोव्हेंबर

दिवसभरात सगळे डबे रिकामे करून, मोजून, चिठ्ठ्या चिकटवून लावले. संध्याकाळी तिघांना बसवून नियम सांगितले.

पहिला, मागणीशिवाय माल नाही. काहीही हवं तर चिठ्ठी लिहायची. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, मग मी तर भांडारपाल. दुसरा, चिठ्ठीवर दोन सह्या. 'दिले' खाली माझी, 'मिळाले' खाली घेणाऱ्याची. तिसरा, चालू मागणी कुणालाच नाही. ती काय असते ते सेकंदला समजावलं. कारखान्यात हात पुसायच्या चिंध्या आणि साबण कामगारांना रोज न मागता मिळायचा, त्याला म्हणायचं चालू मागणी. सगळ्यात जास्त उधळपट्टी तिथंच होते.

स्वयंपाकाला रोज किती तांदूळ, किती पीठ, किती डाळ हे चौघांच्या हिशेबाने ठरवून दिलं. सकाळ-संध्याकाळ हिने चिठ्ठी लिहायची, सही करायची आणि तेवढंच काढायचं.

"आणि हिशेब जुळला नाही तर?" सेकंदने विचारलं.

मला आमचे मोठे भांडारपाल आठवले, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो. ते म्हणायचे, कमी निघालं तर चोर शोध. जास्त निघालं तर... असं पुढे काहीतरी होतं. आमच्याकडे जास्त कधी निघालंच नाही, म्हणून लक्षात राहिलेलं नाही.

१३ नोव्हेंबर

व्यवस्था बसते आहे. आजच्या चिठ्ठ्या:

नाना: साखर, दोन चमचे. कारण: वय. (मंजूर.)

सेकंद: बाबांचं हसू, चिमूटभर. कारण: तीन दिवसांत दिसलं नाही. (शेरा: साठ्यात नाही.)

शेरा लिहिताना हसू आलं ते तिने पाहिलं आणि लगेच 'मिळाले' खाली सही ठोकली. कार्टी आजोबांवर गेली आहे.

२० नोव्हेंबर

दुकानाच्या मालकीणबाई देवमाणूस निघाल्या. कामावरच्या बायकांना दुपारचं जेवण दुकानातच देतात म्हणे. त्यामुळे हिला डबा न्यावा लागत नाही. आजच्या दिवसांत इतकं कोण करतं? दुपारचा तिचा वाटा मी तक्त्यातून कमी केला. ती म्हणाली, "बरं झालं, तेवढंच पुरवठ्याला."

संध्याकाळीही तिला बेताचीच भूक असते. दुपारचं जड होतं म्हणते. आम्हाला वाढून शेवटी आत बसते. मी तेव्हा बाहेर पुस्तक घेऊन बसलेला असतो. लिहून झालं की मी म्हणतो, "बघ, आजही पुरलं." आतून ती म्हणते, "पुरणारच. माणूस कोण बसलंय!"

खोटं कशाला बोलू, दिवसभरात तेवढंच एक वाक्य ऐकायला बरं वाटतं.

२९ नोव्हेंबर

भाजी आता बाजार उठायच्या वेळी आणतो. उरलेली निम्म्या भावात मिळते, फक्त निवडायला डोळे लागतात. आज कोबीवरून इतकी घासाघीस केली की भाजीवाली म्हणाली, "तुमचा कारखाना का बंद पडला ते कळलं मला. तुम्ही खरेदीला होतात ना?" मी म्हटलं, भांडारात होतो. "तेच ते," म्हणाली आणि कोबी देऊन टाकला.

९ डिसेंबर

औषधांच्या गोदामात मुलाखतीला गेलो होतो. समोरच्या साहेबाचं वय माझ्या नोकरीइतकं. त्याने विचारलं, साठ्याचा हिशेब कशावर ठेवत होतात? म्हटलं, पुस्तकावर. तो म्हणाला, "म्हणजे कागदावर?" जणू मी दगडावर कोरत होतो. मी म्हटलं, वीज गेली तरी कागद बंद पडत नाही. तो हसला, चांगला हसला, आणि कळवतो म्हणाला. कळवतो म्हणजे काय ते मला कळतं.

घरी येऊन पायरीवरच बसलो. ही कामावरून आली, शेजारी बसली. माझा हात हातात घेतला. तिची बोटं सुयांनी टोचून खरखरीत झाली आहेत आणि फार गार होती. मी म्हटलं, स्वेटर घालत जा. मग आत जाऊन म्हणाली, "पुस्तक काढा बरं, आजचं सांगा." मी काढलं, सगळं वाचून दाखवलं. सहा डिसेंबरपर्यंत पीठ संपेल असा माझा अंदाज होता, अजून डब्यात आहे. तिने टाळी वाजवली. मी रडू आवरलं.

१६ डिसेंबर

हिने स्वतःचे सगळे कपडे कमरेत आणि खांद्यात आत घेतले. दोन रविवार त्यातच गेले. म्हटलं, गिऱ्हाइकांचं करून दमत नाहीस का? म्हणाली, हात बसतो, शिवाय हल्ली अंगाबरोबरच घालतात. छान दिसतात. सांगितलंही तिला तसं. लाजली.

नाना आज जेवताना म्हणाले, "मागे पडणारं घड्याळ लोक दुरुस्तीला आणतात. पुढे जाणारं कुणी आणत नाही. वेळेआधी पोचवतं म्हणून उलट खूश असतात. पण बिघाड दोन्हीत सारखाच."

आम्ही बोलत होतो पिठाबद्दल. नानांना हल्ली विषय सोडून बोलायची सवय लागली आहे.

२३ डिसेंबर

बाजारातून येताना ही आणि मी एकत्र जिना चढलो. मी तिसऱ्या मजल्यावर पोचलो तरी ही येईना. वाकून बघतो तर दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभी. म्हणाली, शेजारणीची कुंडी बघतेय. त्या कुंडीत वर्षभरात काही उगवलेलं नाही. पण बायकांना झाडांची हौस असते.

सेकंद आली तेव्हा तिने आईचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत बसली. मी विचारलं काय चाललंय. "सराव," म्हणाली. मग दोघी आत गेल्या, दार लावलं. हळू आवाजात कसली तरी वादावादी झाली. पोरगी बाहेर आली ती फुरंगटून. मायलेकींत मी पडत नाही.

२ जानेवारी

फीच्या डब्याला हात लागलेला नाही. हे मोठ्या अक्षरात लिहितो.

५ जानेवारी

आज रविवार. दोन महिन्यांची साठा मोजणी काढली. सगळे डबे रिकामे केले, तागडी घेतली, चिठ्ठ्या तारखेवार लावल्या. नाना मदतीला.

पुस्तकाप्रमाणे तांदूळ अडीच किलो उरायला हवे. निघाले पावणेसात. पीठ पुस्तकात तीन, डब्यात नऊ. डाळ दुप्पट.

तीनदा मोजलं. तागडी बदलून मोजलं. जास्तच. मी नानांना म्हटलं, याला म्हणतात व्यवस्था! म्हाताऱ्याने खिसा चाचपला. भिंग काढून पुसत बसला. मी म्हटलं, आता यातून हिला काहीतरी आणतो, शाल आणतो. आनंदाने 'शेरा' लिहायला पेन उचललं आणि 'साठा जास्त' एवढं लिहिल्यावर हात थांबला.

माल आपोआप वाढत नाही. लोखंडही नाही आणि तांदूळही नाही. चिठ्ठीवर 'मिळाले' म्हणून सही आहे आणि माल डब्यात आहे. म्हणजे ज्याच्या नावाने निघाला, त्याला तो मिळालेला नाही.

आणि मोठ्या भांडारपालांचं उरलेलं वाक्य आठवलं. त्यांच्या आवाजासकट आठवलं. "कमी निघालं तर चोर शोध. जास्त निघालं तर ज्याला मिळालं नाही त्याला शोध. आणि त्याची आधी माफी माग."

चिठ्ठ्या पुन्हा काढल्या. वरच्या खर्चाच्या, माणसागणिक. नानांच्या एकतीस. सेकंदच्या चव्वेचाळीस. माझ्या स्वतःच्या अठ्ठावन्न, बहुतेक चहाच्या. हिची एकही नाही. चमचाभर साखरेचीसुद्धा नाही. आणि स्वयंपाकाच्या रोजच्या चिठ्ठीवर सकाळ-संध्याकाळ तिची सही, वळणदार: मिळाले, मिळाले, मिळाले.

चौघांचं काढायची, तिघांचं करायची. आपली मूठ परत डब्यात टाकायची.

ही तेव्हा खाली धुणं वाळत घालत होती. वर आल्यावर तिच्या हातून रिकामी बादली घेतली. रात्री मात्र म्हटलं, आज माझ्यासमोर बस जेवायला. बसली. मी वाढलं तेवढं जेवली आणि माझ्याकडे संशयाने बघत राहिली.

६ जानेवारी

दुपारी डबा घेऊन दुकानात गेलो. मनात एक वेडी आशा होती की निदान दुपारचं तरी खरं असेल. मालकीणबाई दारातच कात्री चालवत होत्या. मी नमस्कार करून म्हटलं, तुम्ही रोज जेवू घालता त्याचे उपकार...

"मी?" त्या म्हणाल्या. "अहो, मीच त्यांना म्हणते डबा आणत जा. तर म्हणतात, घरून पोटभर जेवून निघते." मग माझ्या हातातला डबा त्यांनी पाहिला. कात्री ठेवली. म्हणाल्या, "मागे आहेत. जा."

ही मागच्या खोलीत खिडकीशी बसली होती. बाकीच्या दोघी जेवायला घरी गेलेल्या. समोर कुणाची तरी पँट आणि पाण्याची बाटली. सुईत दोरा ओवत होती. दोरा जात नव्हता. मी तिच्या हातून सुई घेतली, ओवून दिली. मग तिने वर पाहिलं.

"अहो, तुम्ही इथं?"

"मोजणीत साठा जास्त निघाला," मी म्हटलं.

तिला लगेच कळलं. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला, आणि मग ती चिडलीच. "मग काय करायचं होतं? फी भरायची होती ना? पोरीला भुकेलं ठेवू? नानांना ठेवू?"

"मला ठेवायचं."

"तुम्हाला?" ती म्हणाली आणि तिचा आवाज एकदम उतरला. "नोकरी गेल्यापासून तुम्ही कशानेच खूश होत नव्हता. मग रोज संध्याकाळी ते पुस्तक घेऊन बसायला लागलात. पुरलं म्हणायचात. ते म्हणताना तुमचा चेहरा पूर्वीसारखा व्हायचा. मला ते 'पुरलं' ऐकायचं असायचं हो. एक मूठ कमी खाल्ली की दुसऱ्या दिवशी परत ऐकायला मिळायचं."

सत्तावीस वर्षांत माझ्या भांडारात एक खोटी सही झाली नाही. घरात दोन महिन्यांत शंभरावर झाल्या आणि सगळ्या माझ्यासाठी.

मी माफी मागितली. नीट, शब्दांत मागितली. तिने डबा उघडला. रडत रडत जेवली आणि मध्येच म्हणाली, "मीठ विसरलात." मी म्हटलं, 'मीठ' लिहिलेल्या डब्यातूनच घातलंय. "काल तुमची मोजणी झाल्यावर त्याच्यात साखर भरली मी, जागा नव्हती म्हणून," ती म्हणाली. मग दोघंही हसलो. बाहेर मालकीणबाईंची कात्री पुन्हा सुरू झाली.

७ जानेवारी

नानांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

"दिसत होतं. सांगितलं तुला."

"तुम्ही घड्याळाचं सांगितलंत! बायकोचं कुठं सांगितलंत?"

"तुला घड्याळाचंही कळलं नाही," म्हातारा म्हणाला. "बायकोचं सांगून काय कळणार होतं? शिवाय तिने शपथ घातली होती. मी निदान माझी साखर तिच्या चहात ओतत होतो." एकतीस चिठ्ठ्या. त्याही गेल्या हिशेबातून.

सेकंदलाही माहीत होतं. मनगट धरून ती नाडीच मोजत होती. तिने वर आणखी एक गोष्ट सांगितली. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन तिने अर्ज दिला आहे, फी दोन हप्त्यांत भरायला परवानगी मिळाली, दुसरा हप्ता मे महिन्यात. "तुमचाच नियम ना, बाबा? मागितलं तर मिळतं. तुम्ही डब्यावर पहारा देत बसलात, विचारायला कुणी गेलंच नाही."

म्हणजे अर्धा डबा मोकळा. दोन महिने मी ज्याच्यावर नाग होऊन बसलो होतो, तो एका अर्जाने अर्धा झाला. मला पोरीचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाजही वाटली. दोन्ही एकदमच.

नियम दुसरा बदलला आहे. 'मिळाले' खाली सही आता जेवून उठल्यावर.

१९ जानेवारी

दुपारी एक वाजता डबा घेऊन जातो. ती जेवेपर्यंत रिकामं बसवत नाही, म्हणून गुंड्यांचं खोकं ओढलं. जगातल्या सगळ्या गुंड्या एकात. आकाराप्रमाणे, रंगाप्रमाणे लावायला घेतल्या. मालकीणबाईंनी काल निळी, चार भोकांची गुंडी मागितली, मी वळून न बघता दिली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, धाग्यांचंही कपाट आहे. आठवड्याला तीन सकाळी आलात तर काहीतरी देईन, फार नाही. म्हटलं, विचार करून सांगतो. दारातून बाहेर पडायच्या आधीच सांगितलं.

१० फेब्रुवारी

पहिला हप्ता भरला. पावती इथं चिकटवली आहे.

डब्यातले तांदूळ आता जवळजवळ पुस्तकाप्रमाणे. पाव किलो कमीच निघाले. मला इतका आनंद झाला की नाना म्हणाले, "चला, घड्याळ थोडं मागे पडलं. आता निदान दुरुस्तीला येईल."

आज माझी सकाळची पाळी नव्हती. नेहमीप्रमाणे एकला डबा घेऊन पोचलो. हिने पिशवीतून एक चिठ्ठी काढून पुढे केली. गेल्या तीन महिन्यांतली तिची स्वतःसाठीची पहिली.

वस्तू: नवरा. नग: एक. केव्हा: दुपारी एक वाजता. कारण: एकटीला घास उतरत नाही.

मी 'दिले' खाली सही केली. भांडारपाल आहे, नियम माहीत आहेत, म्हणून वर आडवं लिहिलं: चालू मागणी. आणि चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली. म्हटलं, 'मिळाले'ला सही कर.

ती डबा उघडत होती. म्हणाली, "रोजचं आहे ना? मग महिनाअखेरीला करीन, एकदम. तोवर येत राहा."